अकरा नंबरचा कागद

१

सोमवारी सकाळी साडेदहाला पाळणाघराच्या वरच्या मजल्यावरून तीन वर्षांची एक मुलगी खिडकीतून खाली पडली, आणि संध्याकाळ व्हायच्या आत त्या खिडकीचा नकाशा नाहीसा झाला.

मुलगी वाचली. खालच्या खिडकीच्या छज्ज्यावर आदळून ती फुलझाडांच्या भुसभुशीत मातीत पडली. मांडीचं हाड मोडलं, बाकी जिवावरचं पायावर निभावलं. नकाशाचं मात्र काय झालं ते कुणाला सांगता येईना.

मंगळवारी सकाळी साहेबांनी कचेरीतला नकाशांचा खण स्वतः उपसला. दहा नंबर होता. बारा नंबर होता. मधला अकरा गायब.

"मिली," ते म्हणाले, "अकरा कुठाय?"

मिली म्हणजे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. कामाला लागली त्या वर्षी तिने दोन मिलीमीटर कमी भरलं म्हणून एक आख्खं दार परत पाठवलं होतं. तेव्हापासून तात्या तिला मिलीमीटर म्हणायचे, आणि त्याचं मिली झालं. कचेरी तिघांची. इमारती साहेबांच्या डोक्यात उभ्या राहायच्या, त्या कागदावर तात्या आणि ती उतरवायची. भिंती आणि जिने तात्यांचे, दारं-खिडक्या तिच्या. तिथे अजून सगळं हाताने चालायचं. ती आणि साहेब चिकटपट्टीने कागद फळ्याला लावत. तात्यांचा चिकटपट्टीवर विश्वास नव्हता. ते चार टाचण्याच वापरत, आणि फळा पस्तीस वर्षांचा असून त्याला चारच भोकं आहेत असं अभिमानाने सांगत.

"खणातच होता," ती म्हणाली.

"खणात असता तर तुला विचारलं असतं का मी? मूळ कागद नाही. ठेकेदाराला दिलेली निळी प्रत गोण्यांखाली भिजून केव्हाच गेली. सुताराकडची प्रतही म्हणे सोमवारपासून दिसत नाहीये. तीन कागद, तिन्ही गेले." साहेब खुर्चीत बसले. "परवा अकरा वाजता चौकशी समिती इथे बसणार. ठेकेदाराने जबाब दिलाय की सुताराने खिडकीची झडप उलटी बसवली. समितीने सुताराचं नाव लिहिलं की त्याच दुपारी त्याच्यावर गुन्हा दाखल होणार. आपल्याकडे कागद असला तर दाखवता येईल, नाहीतर आपणच गिळला म्हणतील. तू काढलास ना? मग तूच शोध."

तिने मान हलवली. तात्या आपल्या फळ्यावर मान खाली घालून रेघा मारत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

अकरा नंबर तिने काढला तो बाळंतपणाआधीचा कामाचा शेवटचा दिवस होता. दुपारी तीनपासून कळा येत होत्या आणि ती त्यांना पाठदुखी म्हणत होती. पट्टी हातातून दोनदा निसटली हे तिला आठवत होतं. तात्यांनी गाडी बोलावली, तिची पर्स तेच खाली घेऊन गेले, हेही आठवत होतं.

कागदावर तिने काय काढलं, तेवढं आठवत नव्हतं.

२

पाळणाघरात त्या दिवशी मुलं नव्हती. त्यामुळे छोट्या खुर्च्या जास्तच छोट्या दिसत होत्या. पाळणाघराच्या मोठ्या बाईंनी तिला वर नेलं आणि दाराशीच थांबल्या. आत त्यांना पाऊल टाकवेना.

खेळायच्या मोठ्या खोलीत पाच खिडक्या होत्या. मुलांना उभ्या उभ्या रस्ता दिसावा म्हणून खिडकीची खालची पाटी मुद्दाम त्यांच्या कमरेएवढी ठेवलेली. वर मोठं, न उघडणारं तावदान. खाली हातभर उंचीची झडप. या झडपेच्या बिजागऱ्या तिच्या खालच्या कडेला होत्या. वरची कड ओढली की झडप खोलीत कलायची आणि साखळीवर थांबायची. चार बोटांची फट, तीही वरच्या बाजूला. वारा आत येईल, मूल बाहेर जाणार नाही. या खिडकीवर तिचा जीव होता.

"गज लावा म्हटलं होतं मी," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुमचे साहेब म्हणाले, पाळणाघर आहे, तुरुंग नाही. मलाही ते छान वाटलं. सगळ्या आयांना मी तेच वाक्य सांगायचे."

झोपायची खोली नंतर वाढवलेली, महिन्यापूर्वीच सुरू झालेली. तिथे एकच खिडकी, सहावी. तिच्यासाठीच वेगळा कागद, अकरा नंबर.

तिने झडपेची खिट्टी काढून बोटाने ढकललं. झडप वरच्या कडेला टांगलेली होती. खालची कड सहज बाहेर गेली, आणि पाटीपासून वर हातभर मोकळी जागा तिच्यासमोर उघडी पडली. खाली फुलझाडं दिसली. त्यांतली मधली काही दबलेली होती.

"ही महिनाभर अशीच उघडत होती?"

"पहिल्या दिवसापासून. मला वाटलं, असेल काही डिझाइन." मोठ्या बाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं. "खिट्टी मी स्वतः लावायचे, मुलं यायच्या आधी. रोज. सोमवारी..."

जिन्यावर बूट वाजले. ठेकेदार आला होता. त्याला बातम्या आधी कळायच्या आणि माणसं नंतर.

"अहो मॅडम, बघायचंय काय त्यात? शेंबडं पोर सांगेल. झडप उलटी बसवली म्हाताऱ्याने. खालची बाजू वर, वरची खाली. डोळ्यांनी अधू झालाय तो. मी समितीला लिहूनच दिलंय."

ती गुडघ्यांवर बसली. झडपेच्या खालच्या कडेवरून, बाहेरच्या बाजूने, तिने बोट फिरवलं. तळाला एक बारीक, सरळ खाच लागली. पावसाचं पाणी झडपेवरून ओघळत आलं की ते या खाचेशी अडतं आणि थेंब होऊन बाहेरच गळतं, लाकडाखालून आत शिरत नाही. नीट काम करणारा सुतार ही खाच कधी विसरत नाही.

"उलटी बसवली असती," ती हळूच म्हणाली, "तर ही खाच वर गेली असती. ती खालीच आहे."

"असेल चुकून."

"आणि हे बघा." तिने चौकटीवर हात ठेवला. "झडप मिटली की चौकटीत जिथे टेकते ना, ती पायरी. त्या पाच खिडक्यांना ती आतल्या अंगाला आहे, कारण झडपा आत उघडतात. हिला बाहेरच्या अंगाला कोरलीय. चौकट जोडायच्या आधी कोरावी लागते ही. भिंतीत बसवताना कुणी उलटसुलट करून होत नाही."

ठेकेदार चौकटीशी वाकला. मग म्हणाला, "म्हणजे?"

"म्हणजे ही खिडकी उलटी बसवलेलीच नाही. सुतारकाकांनी ती अशीच करायची म्हणून केली, अगदी जीव ओतून."

बोलून झालं आणि मग तिला ऐकू आलं की आपण काय बोललो. सुतार मनाने खिडकी करत नाही. कागदात असते तशी करतो. चूक सुताराच्या हाताची नसेल तर ती कागदात होती.

आणि कागद तिचा होता.

३

घरी आल्यावर तिने आधी सगळ्या खिडक्या लावल्या. मग स्वयंपाकघरातल्या खिडकीची कडी ढिली वाटली म्हणून ती ओढणीने गजाला बांधली. सासूबाई मांडीवरच्या नातीला थोपटत हे बघत होत्या.

"अगं, ती अजून पालथी पडून कंटाळते, रांगायचं नाव नाही. ती काय उडून जाणारे?"

"तरी पण."

"मी मेले उकडून, ते चालेल तुला."

तिने हसून दाखवलं आणि लेकीला घेतलं. सात महिन्यांची, जडशीळ, झोपाळलेली. दुसऱ्या बाईची लेक हॉस्पिटलात पाय टांगून पडली होती, आणि जिच्या हाताने हे झालं ती ओढणीच्या गाठी मारत बसली होती. मुलीच्या आईला ती भेटायला गेली नव्हती. आधी कागद सापडू दे, मग जाईन, असं ती स्वतःला सांगत होती. खरं कारण वेगळं होतं. काय म्हणून जायचं ते ठरत नव्हतं.

नवरा म्हणाला, "तू शांतपणे डोळे मिटून आठव. त्रिकोण कसा काढला होतास?"

झडप कशी उघडते ते नकाशात त्रिकोणाने दाखवतात. त्रिकोणाचं टोक जिकडे, बिजागऱ्या तिकडे. कचेरीतल्या पहिल्याच आठवड्यात तात्यांनी तिला हे शिकवलं होतं. टोक खाली काढलं असेल तर ती सुटली. टोक वर काढलं असेल तर...

तिने डोळे मिटले. टोक कधी खाली दिसायचं, कधी वर. जे हवं ते मन दाखवत होतं, आणि लगेच जे नको तेही.

४

बुधवारी सकाळी ती सुतारकाकांच्या कारखान्यात गेली. कारखाना म्हणजे पत्र्याखालची एक लांब खोली. भुशाचा वास, भिंतीला टांगलेले रंधे, आणि आज एकही यंत्र चालू नाही. काका पाटावर बसून एका पटाशीला धार लावत होते. हाताला काहीतरी हवं म्हणून.

"या," ते म्हणाले. "बाळ बरंय?"

ते आधी हे विचारतील असं तिला वाटलं नव्हतं.

"बरंय. काका, कागद कुठे लावला होतात?"

त्यांनी हनुवटीने भिंत दाखवली. फळकुटांच्या भिंतीवर चार टाचण्या होत्या. बाकी काही नव्हतं. "सोमवारी मला चौकीत नेलं. परत आलो तर कागद नाही. दार उघडंच टाकून गेलो होतो, घाईत कुठलं कुलूप. शेजारी म्हणतो ठेकेदार येऊन गेला, तुमच्याकडनंही कोणकोण येऊन गेले."

"कागदात काय होतं, आठवतं?"

"न आठवायला काय झालं? तीन आठवडे समोर होता." त्यांनी पटाशीच्या टोकाने भुशात चौकोन काढला आणि त्यात त्रिकोण. "असं. टोक खाली."

तिने भुशात काढलेला तो त्रिकोण पाहिला. टोक खाली. तिचा कागद बरोबर होता! कालपासून छातीवर असलेलं ओझं एकदम उतरलं आणि तिला त्याच क्षणी स्वतःची लाज वाटली, कारण समोरचा माणूस तिच्याकडेच बघत होता.

"काका, टोक खाली म्हणजे बिजागऱ्या खाली ना?"

"खाली कशा? टोकाशी कडी. आपण हात लावतो ती जागा. बिजागऱ्या त्याच्या समोर, म्हणजे वर." त्यांनी शांतपणे सांगितलं, शाळेत पाढा म्हणावा तसं. "तीस वर्षं ज्यांची कामं केली त्यांच्याकडे असंच होतं. टोक म्हणजे हात. आणि वरून टांगलेली झडप बाहेरच उघडायची, नाहीतर पाऊस घरात येतो. म्हणून मी पायरी बाहेरून कोरली. का? तुमच्याकडे वेगळं असतं?"

ती खाली बसली. "आमच्याकडे टोक म्हणजे बिजागरी."

पटाशी थांबली.

"मग त्या पाच खिडक्या?" तिने विचारलं. "त्या बरोबर कशा केल्यात?"

"त्यांचा कागद मी बघितलाच कुठे नीट! तुम्ही आला होतात ना, सातवा महिना होता तुमचा. या पाटावर बसलात आणि दोन हातांनी करून दाखवलंत." त्यांनी दोन तळवे जोडून उभे धरले, मग एक तळवा मनगटापाशी तसाच ठेवून मागे कलवला. "'काका, अशी आत पडेल.' झालं की. सहावीच्या वेळी तुम्ही नव्हतात, नुसता कागद आला."

"पण मागच्या पाचसारखीच असेल असं नाही वाटलं?"

"तेच तर. तशीच हवी असती तर मागच्यासारखी करा म्हणाले असते. वेगळा कागद पाठवला म्हणजे काहीतरी वेगळं हवं असणार. तरी शंका नको म्हणून कचेरीत फोन केला. तुम्ही रजेवर. ज्यांनी घेतला ते म्हणाले, सगळं कागदात आहे, तसंच करा."

"खुणांचा रकाना बघितलात? उजव्या कोपऱ्यात. तिथे लिहिलेलं असतं टोक म्हणजे काय ते."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना तिच्यावर दया येत होती हे तिला दिसलं.

"रकाना रिकामा होता, बाई."

जिथे कुठे तिचा कागद नव्या माणसाकडे जाईल तिथे त्याला आपली खूण कळावी म्हणून तो रकाना होता. तो भरणं तिचं काम. त्या दिवशी तीन वाजता तिने खिडकी काढली, मापं घातली, नाव घातलं. रकाना शेवटी भरायचा असतो.

उठताना तिने भिंतीला हात टेकला, आणि बोटांना एक टाचणी लागली.

तिने निरखून पाहिलं. चार टाचण्या, अकरा नंबरच्या कागदाच्या बरोबर चार कोपऱ्यांना. कागदाचा एक कपटाही त्यांच्याखाली अडकलेला नव्हता. कुणीतरी एकेक टाचणी नखाने उचलली होती, कागद काढला होता, आणि चारही टाचण्या परत जिथल्या तिथे, जुन्याच भोकांत बसवल्या होत्या.

"काका, या तुम्ही परत लावल्यात?"

"मी? मी कागद काढलाच नाही तर टाचण्या कशाला लावू?"

तिला आता कुणाला विचारायची गरज नव्हती.

५

दुपारी साहेब बाहेर पडेपर्यंत ती थांबली. मग तात्यांच्या फळ्याशी जाऊन उभी राहिली.

"तात्या, टाचण्या परत लावल्यात तुम्ही."

त्यांची पेन्सिल चालतच राहिली. "कसल्या टाचण्या?"

"सुतारकाकांच्या भिंतीवरच्या. ठेकेदार असता तर त्याने कागद ओरबाडला असता. साहेबांनी नुसता ओढला असता. चोरी करतानासुद्धा नवं भोक पडू नये एवढी काळजी घेणारा माणूस या गावात एकच आहे."

तात्या हसले. हसता हसता त्यांचा चेहरा विस्कटला. त्यांनी पेन्सिल ठेवली, फळ्यावरच्या कागदाच्या चार टाचण्या नखाने काढल्या आणि कागद उचलला. त्याच्याखाली, त्याच चार भोकांवर, अकरा नंबर होता. मूळ कागद. दोन दिवस ते त्याच्यावरच रेघा मारत होते.

तिने पाहिलं. टोक खाली. रेघा बरोबर, मापं बरोबर, अक्षर मात्र उतरतं. उजव्या कोपऱ्यातला रकाना कोरा. त्याखाली 'काढले' आणि तिची आद्याक्षरं. त्याखाली 'तपासले' आणि तात्यांची.

"तू पांढरीफटक पडली होतीस," तात्या म्हणाले. "म्हटलं, सही करून टाकू, बाकी उद्या बघू. दुसऱ्या दिवशी कागद प्रती काढायला गेला. मी पाहिलंच नाही."

"आणि काकांचा फोन?"

"मीच घेतला." त्यांनी चष्मा काढला. "समोर जिन्याचं काम पडलं होतं. म्हटलं, कागदात आहे तसं करा. चार शब्द बोललो, मिली. 'बिजागऱ्या खाली' म्हणालो असतो तर दोनच शब्द झाले असते."

रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. दोघंही तो संपायची वाट बघत राहिली.

"मग लपवलात का?"

"सोमवारी बातमी आली, मी खण उघडला, आणि रिकामा रकाना बघितला. खाली दोन नावं. एक तान्ह्या लेकीच्या आईचं, एक माझं. मला आठ महिन्यांनी निवृत्त व्हायचंय. डोकं चालेना." ते पुढे वाकले, आवाज खाली आणला. "पण आता ऐक. लपवायचं नाहीच आहे. सुताराकडची निळी प्रत मी जाळली. ठेकेदाराची भिजून गेली. जगात हा एकच कागद उरलाय. शाई तीच आहे, निब तीच. अक्षर तुझं. रकान्यात एक ओळ लिही, 'त्रिकोणाचे टोक म्हणजे बिजागरी', बस. उद्या सकाळी कागद सापडेल, कपाटामागे. आपण लिहिलं होतं, सुताराने वाचलं नाही. कोण नाही म्हणणार?"

"काका म्हणतील."

"त्यांचं कोण ऐकणार?"

हे त्यांच्या तोंडून निघालं आणि त्यांनाच ते सहन झालं नाही. त्यांनी चष्मा पुन्हा चढवला.

ती काय करणार होती हे तिला खरंच माहीत नव्हतं. पुढे कितीतरी दिवस तिने स्वतःला सांगून पाहिलं की आपण त्या क्षणी ठाम होतो. ती ठाम नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे लेक आली, तुरुंगाचा दरवाजा आला, सासूबाईंचं शेजाऱ्यांना तोंड चुकवणं आलं. मग पटाशीला धार लावणारे, बाळ बरंय का विचारणारे काका आले. त्यांनी ती खाच किती सरळ काढली होती! कुणी न बघणाऱ्या जागी.

तिने तात्यांच्या फळ्यावरचं पेन घेतलं आणि रकान्यात लिहिलं. त्रिकोणाचे टोक म्हणजे बिजागरी. अक्षर स्वच्छ आलं, सरळ रेषेत.

तात्यांनी रोखलेला श्वास सोडला.

तिने पेन उचललं नव्हतं. त्या ओळीखाली तिने तारीख घातली. आजची, बुधवारची. आणि पुढे आद्याक्षरं.

"हे काय केलंस?" तात्या पुटपुटले.

"नंतर भर घातली तर तारीख घालायची. तुम्हीच शिकवलंत."

"वेडी आहेस तू! अगं, तुला तुरुंगात बसवतील."

"बसवू देत," ती म्हणाली, आणि तात्यांच्याच स्टुलावर बसली.

६

समिती तीन जणांची होती. गुरुवारी अकराला ते साहेबांच्या टेबलाभोवती बसले. ठेकेदार भिंतीला टेकून उभा, सुतारकाका दाराजवळ, धुतलेल्या शर्टात. मोठ्या बाई कोपऱ्यात.

तिने कागद टेबलावर पसरला आणि सांगितलं. चौकटीची पायरी बाहेरून का, पाण्याची खाच खाली का. दोन कचेऱ्या एकाच त्रिकोणाचे दोन उलटे अर्थ कसे घेतात. पाच खिडक्या बरोबर आणि सहावी चुकीची का झाली. सुतारकाकांनी कागदात होतं ते केलं. शंका आली तेव्हा फोन करून विचारलंही. ज्या खुणेचा अर्थ त्यांना सांगायचा होता तो तिने लिहिला नाही.

समितीतल्या म्हाताऱ्या इंजिनियरने भिंगाने रकाना पाहिला. मग भिंग खाली ठेवलं.

"बाई, इथे कालची तारीख नसती, तर आम्हाला काहीच कळलं नसतं. हे तुमच्या लक्षात आहे ना?"

"आहे."

"तरी घातलीत."

तात्या आपल्या जागेवरून उठले आणि कोणी न विचारता म्हणाले, "तपासल्याची सही माझी. फोन मी घेतला. निळी प्रत मी जाळली. लिहून घ्या." त्यांनी हात पाठीमागे बांधले होते, वर्गात उभं केलेल्या मुलासारखे.

"गज नकोत, हे मी म्हणालो होतो," साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले. हे त्यांनी इतक्या हळू म्हटलं की लिहिणाऱ्याला पुन्हा विचारावं लागलं.

निकाल महिन्याने लागणार होता. पण त्या दुपारी जो कागद पोलिसांकडे गेला त्यात सुताराचं नाव नव्हतं. तीन नावं होती, आणि पहिलं तिचं. समिती गेल्यावर साहेबांनी चहा मागवला. दोनच कप, स्वतःला आणि तात्यांना.

जिन्यात सुतारकाका तिच्यासाठी थांबले होते. आभार मानतील या भीतीने ती आधीच ओशाळली होती. त्यांनी मानले नाहीत.

"मी दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "एकदा विचारून गप्प बसलो. लहान मुलांची खोली आहे हे माहीत होतं मला." आणि ते कठड्याला धरत उतरून गेले.

तिथून ती घरी गेली नाही. हॉस्पिटलात गेली.

मुलीचा पाय दोरीने वर टांगलेला होता, खाली वजन लटकत होतं. मुलगी एका हाताने पलंगाच्या गजावर बाहुली चालवत होती. आई शेजारच्या स्टुलावर, दुकानात कामाला जायच्या कपड्यांतच. डोळे तारवटलेले.

"मी ती खिडकी काढली," ती म्हणाली. उभ्याउभ्याच. मग सगळं सांगितलं, कचेरीत सांगितलं तसंच. शेवटी म्हणाली, "माफी मागायला आले."

आईने मुलीच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"किती वर्षं काढताय खिडक्या?"

"सात."

"त्या सगळ्यांवर ती ओळ लिहिली होतीत?"

बहुतेकांवर लिहिली होती. बहुतेक म्हणजे सगळ्या नव्हेत. घाईचे दिवस होते, परत न पाहिलेले कागद होते, तात्यांच्या भरवशावर सोडलेले रकाने होते. दोन शाळा, एक वाचनालय, कितीतरी घरं. ज्यांत माणसं आत्ता राहत होती.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"मग इथे काय करताय?" आईचा आवाज चढला नाही. तो थकलेला होता आणि त्यात क्षमेचा लवलेश नव्हता. "माफी कसली मागताय? जा. बघा जाऊन."

ती वळली. मागून मुलीने विचारलं, "आई, कोण गं ही मावशी?"

"खिडकीवाल्या मावशी," आई म्हणाली. "जाऊ दे त्यांना. खूप खिडक्या बघायच्यात."